ढगाचा माथा आणि आपलं अंगण: गोव्यात बसून इन्सॅटची चित्रं वाचायला शिकताना

मे महिन्यातली दुपार. आतेनं गच्चीवर भिरंडांची सोलां वाळत घातली होती. (घाटावरच्या वाचकांसाठी: भिरंड म्हणजे कोकम, सोलां म्हणजे आमसुलं.) सव्वातीनच्या सुमारास ती साखळीच्या बाजारात जायला निघाली आणि दारातूनच विचारलं, "पावस येतलो काय रे?" मी नुकताच उपग्रहाची चित्रं बघायला लागलो होतो, म्हणजे अंगात नवशिक्याचा उत्साह होता. फोनवर चित्र उघडलं. गोव्यावर सगळं काळं, स्वच्छ. घाटापलीकडे बेळगावच्या अंगाला एक पांढरा ठिपका. "नाही येत, तू बिनघोर जा," मी सांगितलं. चार वाजता असा पाऊस कोसळला की सोलां पन्हळीतून वाहत अंगणात आली. आते भिजून परतली, एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "तुजो उपग्रह सोलां उकलूंक येतलो मरे आता?" (उकलूंक म्हणजे उचलायला.)

त्या एका उत्तरात माझ्या तीन चुका होत्या. चित्र सव्वा तासापूर्वीचं होतं, ते मला कळलं नव्हतं. मी एकच चित्र बघितलं, आधीची बघितली नाहीत. आणि ज्याला मी स्वच्छ आकाश समजलो ते चित्र साधं ढगांचं नव्हतंच. या तिन्ही चुका नवा माणूस हमखास करतो, म्हणून हा लेख त्यांच्याभोवतीच लिहितो आहे. लागणारं साहित्य: एक फोन, एक वही आणि डोकं वर करून बघायची सवय.

आधी अंगणात उभे राहा

तोंड दक्षिणेला करा. क्षितिजापासून नजर उचलत डोक्यावरच्या बिंदूकडे न्या आणि पाऊण वाटेच्या थोडी पुढे, साधारण ७२ अंशांवर थांबा. तिथे, ३५,७८६ किलोमीटरपेक्षा थोड्या जास्त अंतरावर, इन्सॅट-३डीआर हा आपला हवामानाचा उपग्रह आहे. डोळ्यांनी दिसणार नाही, पण आहे तिथेच. रात्री दोनला उठून बघा, पुढच्या दिवाळीत बघा, तिथेच. तो ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि पणजी ७३.८ अंशांवर, त्यामुळे आपल्यासाठी तो जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला पडतो. त्याच्या बरोबर खाली पृथ्वीवर काय आहे म्हणाल, तर विषुववृत्तावरचा समुद्र, मालदीवच्या दक्षिण टोकाजवळचा.

तो स्थिर दिसतो, पण थांबलेला नाही. सेकंदाला तीन किलोमीटरहून जास्त वेगानं धावतो आहे. पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला जितका वेळ लागतो तितक्याच वेळात त्याची फेरी पूर्ण होते, म्हणून आपल्याला तो एका जागी टांगल्यासारखा वाटतो. याला भूस्थिर कक्षा म्हणतात. हे पटत नसेल तर घरावरची टीव्हीची डिश बघा. दूरदर्शनच्या फ्री डिशची चकती गोव्यात आग्नेयेला तोंड करून बसवतात, कारण तो उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. एकदा बसवली की वर्षानुवर्षं कुणी हलवत नाही, वानरांनी हलवली तर गोष्ट वेगळी. उपग्रह हलत असता तर डिशवाल्याला आपल्या गच्चीवरच खोली भाड्यानं घ्यावी लागली असती.

हवामानासाठी याचा उपयोग काय, ते लगेच लक्षात येईल. कॅमेरा एकाच जागेवरून तोच भाग पुन्हा पुन्हा टिपतो, त्यामुळे चित्रं एकापुढे एक लावली की ढग चालायला लागतात. जवळून घिरट्या घालणारे उपग्रह याहून बारीक तपशील दाखवतात, पण दिवसातून एकदोनदा डोक्यावरून जातात आणि निघून जातात. गडगडाटी ढग तासाभरात जन्मतो, तासाभरात रिकामा होतो. त्याच्यावर पाळत ठेवायला हा दूरचा, एका जागी बसलेला पहारेकरीच हवा.

नावांचा गोंधळ एकदाच मिटवा

संकेतस्थळावर ३डी, ३डीआर, ३डीएस अशी नावं दिसतील. पहिलं इन्सॅट-३डी, २६ जुलै २०१३ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ अग्निबाणानं गेलं. मग इन्सॅट-३डीआर, ८ सप्टेंबर २०१६, श्रीहरिकोट्याहून आपल्याच जीएसएलव्हीवर. त्यानंतर इन्सॅट-३डीएस, १७ फेब्रुवारी २०२४, तेही जीएसएलव्हीवरच. वजन २,२७४ किलो, आणि खर्च केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं उचलला. तिघांच्या अंगावरची मुख्य यंत्रं एकाच जातीची, त्यामुळे एकाची चित्रं वाचता आली की सगळ्यांची येतात.

जुन्यांपैकी दोनच नावं सांगतो. १९८३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानातून सोडलेला इन्सॅट-१बी, कारण आपल्या आधीच्या पिढीनं टीव्हीवर ढगांचं चित्र पहिल्यांदा पाहिलं ते त्या मालिकेमुळे. आणि २००२ च्या सप्टेंबरात पीएसएलव्हीनं नेलेला मेटसॅट, ज्याचं नाव कोलंबिया यानाच्या दुर्घटनेनंतर, फेब्रुवारी २००३ मध्ये, कल्पना चावला यांच्यावरून कल्पना-१ असं ठेवलं गेलं.

पहिली पायरी: चित्र उघडा आणि गोवा शोधा

भारतीय हवामान विभागाच्या मौसम संकेतस्थळावर उपग्रहाचा विभाग आहे. तिथून सुरुवात करा. इस्रोच्या अहमदाबाद केंद्राचं मोसडॅक हे संकेतस्थळही चांगलं आहे, पण पहिल्या आठवड्यात तिकडे जाऊ नका. तिथला पसारा बघून माणूस गोंधळतो.

पूर्ण गोलाचं चित्र मोहक असतं, आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियाच्या कडेपर्यंत. ते एकदा बघून घ्या आणि मग भारतापुरतं कापलेलं चित्र उघडा. गोवा शोधताना मात्र थोडा अपेक्षाभंग होईल. इन्फ्रारेड चित्रातला एक ठिपका जमिनीवर साधारण ४ किलोमीटर लांब आणि ४ किलोमीटर रुंद जागा व्यापतो. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. भागाकार करा: अख्खा गोवा, पेडण्यापासून काणकोणपर्यंत, जेमतेम २३० ठिपक्यांत मावतो. म्हापसा शहर म्हणजे एखाददुसरा ठिपका. तेव्हा "आमच्या वाड्यावर पाऊस पडेल का" हा प्रश्न या चित्राला विचारूच नका. "घाटापासून किनाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात आज संध्याकाळी काय शिजतंय" हा विचारा.

बारकावा आणखी एक आहे, आणि तो मला फार उशिरा कळला. उपग्रह आपल्याकडे दक्षिणेकडून तिरका बघतो. त्यामुळे उंच ढगाचा माथा चित्रात खऱ्या जागेहून थोडा उत्तरेला सरकलेला दिसतो. गोव्याच्या अक्षांशावर, पंधरा किलोमीटर उंचीच्या ढगासाठी ही सरक पाचेक किलोमीटरची भरते. नारळाच्या झाडाखालून शेंडा बघितला तर तो कौलावर दिसतो आणि दारातून बघितला तर विहिरीवर, तसंच हे. म्हणजे चित्रात डिचोलीवर दिसणारा माथा प्रत्यक्षात त्याच्या दक्षिणेच्या मयेच्या बाजूचा असू शकतो. दोन गावांतलं अंतरच तेवढं!

दुसरी पायरी: घड्याळ जुळवा

माझी पहिली चूक इथली. चित्राच्या कोपऱ्यात वेळ असते ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. तीत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. ०६०० म्हणजे सकाळचे साडेअकरा, ०९०० म्हणजे दुपारचे अडीच, १२०० म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. सोलां वाहून गेली त्या दिवशी चित्रावर ०८३० होतं, म्हणजे दुपारचे दोन. मी बघत होतो सव्वातीनला.

यात संकेतस्थळाचा दोष नाही. उपग्रहाचा कॅमेरा आपल्या फोनसारखा एका झटक्यात फोटो काढत नाही. तो पृथ्वीचा गोल ओळीओळीनं झाडून काढतो, अंगण झाडावं तसा, आणि पूर्ण गोलाला त्याला २६ मिनिटं लागतात. दर अर्ध्या तासाला एक चित्र. मग ती माहिती जमिनीवर उतरते, तपासली जाते, नकाशावर बसवली जाते, आणि तेव्हा आपल्या हाती येते. दोन उपग्रह आळीपाळीनं झाडत असतील तर दर पंधरा मिनिटांनी काहीतरी नवीन मिळतं.

म्हणून नियम असा करा: चित्रावरची वेळ आणि भिंतीवरचं घड्याळ यांतला फरक आधी मोठ्यानं म्हणायचा. "हे चित्र पन्नास मिनिटांपूर्वीचं आहे." मगच पुढचं बोलायचं. वेडेपणा वाटेल, पण सवय लागते.

तिसरी पायरी: कुठल्या डोळ्यानं बघताय ते ठरवा

इन्सॅटच्या या मालिकेतल्या कॅमेऱ्याला सहा डोळे आहेत, म्हणजे सहा वेगवेगळ्या तरंगलांबीच्या पट्ट्यांत तो बघतो. नव्या माणसाला तीन पुरे.

व्हिजिबल म्हणजे दृश्य प्रकाशाचं चित्र. आपल्या डोळ्याला वरून जे दिसेल तेच, एका किलोमीटरच्या ठिपक्यांत, म्हणून सर्वांत रेखीव. रात्री ते काळं असतं, साहजिकच. यातली मौज सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाचच्या पुढे आहे. सूर्य कललेला असतो तेव्हा उंच ढगांच्या सावल्या शेजारच्या ढगांवर पडतात आणि सपाट चित्राला उठाव येतो. घाटावर फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे ढग उठलेले आणि त्यांची सावली पूर्वेकडे लांबलेली दिसली, की ढग उंच आहेत हे मोजमापाशिवाय समजतं.

इन्फ्रारेड म्हणजे उष्णतेचं चित्र, दिवसरात्र चालणारं. इथे पांढरं म्हणजे थंड आणि काळं म्हणजे गरम, एवढं घोकून ठेवा. वातावरणात जितकं वर जावं तितकी थंडी, म्हणून उंच ढगाचा माथा शुभ्र दिसतो. मोठ्या गडगडाटी ढगाच्या माथ्यावर शून्याखाली ६०-७० अंश सेल्सियस असतं. मे महिन्याच्या दुपारी तापलेली जमीन काळी दिसते. काही चित्रांत यावर लाल, पिवळे, निळे रंग चढवलेले असतात. ते रंग पावसाचे नाहीत आणि धोक्याचे तर मुळीच नाहीत. नकाशाशेजारची पट्टी वाचा, ती तापमानाची असते. "लाल आलंय, पळा" असे निरोप मोबाइलवर फिरतात तेव्हा बहुतेक वेळा ही पट्टी कुणी वाचलेलीच नसते.

तिसरा वॉटर व्हेपर, म्हणजे बाष्पाचा डोळा. माझी तिसरी चूक हीच. हा डोळा फक्त वरच्या आणि मधल्या थरांतलं बाष्प बघतो. जमिनीलगतचं त्याला दिसत नाही. तिथे काळं दिसलं म्हणजे वरची हवा कोरडी, एवढाच अर्थ. खाली आपण घामानं निथळत असू, समुद्रावरून ओलसर वारा येत असेल, आणि त्या चित्रात गोवा काळाकुट्ट असेल. याचे ठिपकेही ८ किलोमीटरचे, सर्वांत जाडे. पहिला महिना हे चित्र उघडूच नका.

उरलेल्या तिघांपैकी एकाचा गोव्याला हिवाळ्यात उपयोग होतो. सत्तरी-धारबांदोड्याच्या खोऱ्यांत जानेवारीत पहाटे धुकं साचतं. साध्या इन्फ्रारेडमध्ये ते जमिनीत मिसळून जातं, कारण धुक्याचं तापमान जमिनीच्या जवळपासच असतं. पण चार मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासच्या पट्ट्याची दुसऱ्या पट्ट्याशी वजाबाकी केली की ते वेगळं उठून दिसतं. ही वजाबाकी आपण करायची नाही. हवामान विभागाच्या रॅपिड या सोयीत नाइट मायक्रोफिजिक्स नावाचं तयार रंगीत चित्र मिळतं.

याखेरीज उपग्रहावर १९ पट्ट्यांचा साउंडर आहे. तो हवेच्या थराथरांतलं तापमान आणि आर्द्रता काढतो आणि ती माहिती अंदाजाच्या गणितात जाते. आपल्याला तो चित्र म्हणून फारसा लागत नाही.

चौथी पायरी: चित्रं चालवा, आणि फसू नका

एकटं चित्र म्हणजे बसच्या खिडकीतून दिसलेला एक क्षण. बस कुठे चालली आहे, ते त्यावरून कळत नाही. किमान तीन तासांची चित्रं एकापाठोपाठ चालवा. संकेतस्थळावर ॲनिमेशनचं बटण असतं. तसं केलं असतं तर मला दिसलं असतं की बेळगावकडचा तो ठिपका बाराला नव्हताच, एकला राईएवढा होता, दोनला बोराएवढा झाला, आणि पश्चिमेला सरकत होता.

आता गोव्यातला सर्वांत मोठा चकवा. जुलैमध्ये चित्रं चालवलीत तर पांढरे ढग पूर्वेकडून पश्चिमेला, म्हणजे गोव्याकडून समुद्राकडे वाहताना दिसतील. नवा माणूस म्हणतो, पाऊस निघाला. बाहेर बघावं तर नैर्ऋत्येचा वारा माडांना झोडपतो आहे आणि सरीवर सर समुद्रावरून आत घुसते आहे. चित्र खोटं का? दोन्ही खरं आहे. मोसमी वाऱ्यांचा खालचा प्रवाह, दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत, समुद्रावरून जमिनीकडे येतो. पण चौदा-पंधरा किलोमीटरवर, दक्षिण भारताच्या डोक्यावरून, पावसाळ्याच्या दिवसांत पूर्वेकडून पश्चिमेला जोरदार वारा वाहतो. त्याला उष्णकटिबंधीय पूर्वेकडील झोतवारा म्हणतात. ढगांचे माथे तिथवर पोचले की हा वारा त्यांच्या जटा पश्चिमेला ओढत नेतो. उपग्रहाला दिसतात त्या जटा.

सगळ्या विषयाचं मर्म मला इथेच सापडलं. उपग्रह ढगाचा माथा बघतो, आणि आपण ढगाच्या पायथ्याशी राहतो.

पांढरं म्हणजे पाऊस, असं नाही

याची दोन टोकं गोव्यात एकाच वर्षात बघायला मिळतात.

एक, वळवाचा किंवा ऑक्टोबरचा पाऊस. ढग पंधरा किलोमीटर चढतो, माथा ऐरणीसारखा पसरतो आणि इन्फ्रारेडमध्ये अर्धा गोवा शुभ्र होतो. पाऊस मात्र ऐरणीच्या एका कोपऱ्याखाली, वाळपईत. पणजीत नुसता अंधार, थंड वारा आणि लांबचा गडगडाट. चित्रावर विसंबून पणजीतला माणूस छत्री घेऊन निघतो आणि ती बसमध्ये विसरून येतो.

दुसरं टोक जुलैतलं, आणि जास्त फसवं. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकते आणि वर चढते. घाटाची उंची इथे हजार मीटरच्या आसपास, पण तेवढ्यावर भागतं. यातून तयार होणारे ढग पुष्कळदा बुटके असतात, माथा पाच-सहा किलोमीटरवरच. इन्फ्रारेडमध्ये ते मळकट राखाडी दिसतात, अजिबात भीतिदायक नाहीत. आणि त्याच राखाडीखाली सत्तरीत, सांग्यात दिवसभर झड लागलेली असते, ओहोळ फुगून साकव बुडतो. विजा नाहीत, गडगडाट नाही, नुसता पाऊस. अशा दिवशी इन्फ्रारेडच्या थंडाईवरून काढलेले पावसाचे अंदाज कमी पडतात, हे तज्ज्ञही सांगतात.

मग करायचं काय? व्हिजिबल आणि इन्फ्रारेड शेजारी शेजारी ठेवा.

दोन्हींत लखलखीत पांढरं: ढग उंच आणि जाड, पाऊस नक्की, प्रश्न फक्त कुणाच्या डोक्यावर. इन्फ्रारेडमध्ये पांढरं पण व्हिजिबलमध्ये पुसट, खालचा किनारा आरपार दिसतो: उंचावरचे विरळ तंतूढग, सोलां बिनधास्त वाळत घाला. व्हिजिबलमध्ये पांढरं आणि इन्फ्रारेडमध्ये राखाडी: बुटका दाट ढग. हिवाळ्यात असेल तर धुकं किंवा सकाळचं मळभ, पावसाळ्यात असेल तर वर सांगितलेली झड. या तिसऱ्या प्रकाराकडे सगळे दुर्लक्ष करतात आणि गोव्यात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

पाचवी पायरी: रडारला विचारा

उपग्रहानं वाजवलेली घंटा रडारनं तपासायची. पणजीत हवामान विभागाचं डॉप्लर रडार आहे. ते जमिनीवरून लहरी सोडतं, त्या ढगातल्या थेंबांवर आपटून परत येतात, आणि पाऊस प्रत्यक्ष कुठे आहे ते दिसतं. म्हणजे उपग्रह माथा सांगतो आणि रडार पोट. माझा क्रम आता ठरलेला आहे: सकाळी उपग्रह, म्हणजे मोठं चित्र, समुद्रात आणि घाटापलीकडे काय आहे ते. दुपारनंतर दर अर्ध्या तासाला उपग्रह. घाटावर ढग उठले की मग फक्त रडार. आणि विजा कडाडायला लागल्या की फोन खाली ठेवून घरात.

मिरग आणि पहिला पाऊस

मेच्या शेवटी सगळ्यांचा एकच प्रश्न, मान्सून कुठे पोचला? त्या दिवसांत भारताचं मोठं चित्र बघायला खरी गंमत येते, कारण या घोषणेत उपग्रहाचा थेट वाटा आहे. केरळात मान्सून आला असं जाहीर करताना हवामान विभाग तीन गोष्टी तपासतो. १० मेनंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस किमान २.५ मिलिमीटर पाऊस हवा. पश्चिमेच्या वाऱ्यांची खोली आणि वेग पुरेसा हवा. आणि तिसरी अट उपग्रहाची: ५ ते १० अंश उत्तर आणि ७० ते ७५ अंश पूर्व या चौकोनातून अवकाशात निसटणारी उष्णता चौरस मीटरला २०० वॉटच्या खाली जायला हवी. साध्या भाषेत, केरळासमोरच्या समुद्रावर उंच थंड ढगांचं छप्पर एवढं दाट झालेलं असावं की खालची उष्णता वर निसटू नये.

हा चौकोन स्वतः बघा. गोव्याच्या दक्षिणेला, लक्षद्वीपच्या आसपास. तिथे दोनतीन दिवस पांढरं साचून राहिलं, विस्कटलं नाही, तर समजा पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) खरेदी उरकायची वेळ आली. मान्सूनची तारीख सामान्यतः केरळात १ जून, आणि गोव्यात त्यानंतर काही दिवसांत, मिरगाच्या आगेमागे. पण मेच्या मध्यावर वादळी पावसानं भिजलेली जमीन बघून "मान्सून आला" म्हणून नाचू नका. त्या चौकोनात काही नसेल तर तो वळीवच.

समुद्रावर गोल भोवरा दिसला तर

अरबी समुद्रातली चक्रीवादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होतात. खुल्या समुद्रावर ना रडार पोचतं ना वेधशाळा, तिथे उपग्रह हाच डोळा. ढगांच्या पट्ट्या कशा गुंडाळल्या आहेत, मधला डोळा किती स्वच्छ आणि भोवतीचं कडं किती थंड, यावरून वादळाचा जोर ठरवायची ड्वोरॅक नावाची पद्धत जगभर वापरतात. हवामान विभागही तीच वापरतो आणि त्यातून येणारा टी-अंक आपल्या पत्रकांत देतो. वादळाच्या वेळी इन्सॅट-३डीआरला पूर्ण गोलाऐवजी तेवढाच तुकडा झाडायला लावतात, म्हणजे काही मिनिटांनी नवं चित्र मिळतं.

इथे माझं मत कडक आहे: वादळाचा मार्ग स्वतः काढू नका. मे २०२१ मधलं तौक्ते आठवा. १६ तारखेला ते गोव्याच्या किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरच्या आत होतं, डोळा समुद्रातच राहिला आणि १७ च्या रात्री ते सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चढलं. नकाशावरची बारीक रेघ गोव्याला लागली नव्हती. तरी इथे झाडं उन्मळली, खांब पडले, घरं दिवसचे दिवस अंधारात होती. वादळ म्हणजे रेघ नव्हे, शेकडो किलोमीटरचा घेर. तेव्हा चित्र बघा, शिका, पण निर्णय हवामान विभागाच्या पत्रकावर घ्या.

ट्रॉलरवर आणि होडीवर जाणाऱ्यांसाठी दोन शब्द वेगळे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे खरी जोखीम ऑगस्टच्या पहिल्या फेऱ्या आणि ऑक्टोबरनंतरची वादळं यांत आहे. हाच उपग्रह ढगांचे फोटो काढता काढता आणखी एक काम करतो: संकटात सापडलेल्या बोटीवरच्या बीकनचा (मदतीची हाक देणाऱ्या यंत्राचा) ४०६ मेगाहर्ट्झवरचा संदेश झेलून तो खाली बेंगळुरूच्या केंद्राकडे पाठवतो, आणि तिथून शोधपथकं हलतात. बीकन बोटीवर असेल तर त्याची नोंदणी चालू आहे का आणि बॅटरीची मुदत कधी संपते, हे बंदीच्या दोन महिन्यांतच बघून घ्या. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर फोनला रेंज नसते.

चित्रं गायब झाली तर

मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्यरात्रीच्या आसपासची एखाददुसरी चित्रं खराब दिसली किंवा आलीच नाहीत, तर फोन आपटू नका. दिवसरात्र समान असतात त्या दिवसांच्या आगेमागे उपग्रह रोज काही काळ, जास्तीत जास्त ७२ मिनिटं, पृथ्वीच्या सावलीतून जातो. सौरपट्ट्यांना ऊन मिळत नाही, बॅटरीवर भागवावं लागतं, आणि सावलीत शिरताना-निघताना सूर्य थेट कॅमेऱ्यासमोर येतो. नवरात्र लवकर आलं तर त्यातही हे होतं.

आठ दिवसांचा सराव

मे किंवा ऑक्टोबर निवडा. जुलैनं सुरुवात केलीत तर सगळं पांढरंच दिसेल आणि कंटाळाल. वहीत रोज एक ओळ. साडेअकरा, अडीच आणि साडेपाच या तीन वेळांची इन्फ्रारेड चित्रं बघायची, दिवसा व्हिजिबलही. रकाने असे आखा: चित्राची आपली वेळ, बघितल्याची वेळ, घाटापलीकडे काय, समुद्रावर काय, ढग कुठून कुठे चाललेत, माझा अंदाज. मग गच्चीवर जाऊन आकाश बघा आणि ते एका वाक्यात लिहा. रात्री शेवटचा रकाना भरा, प्रत्यक्षात काय झालं.

माझ्या वहीत याच्याही पुढे एक रकाना आहे, "आतेचा शेरा". पहिल्या आठवड्यात तिथे पाच वेळा "आज बी ना" आहे. परवाच्या ओळीत असं आहे: ०९०० चं चित्र, बघितलं ३.१०, घाटावर तीन ढग, पश्चिमेला सरकताहेत, रडारवर चोर्ला घाटाजवळ रंग. अंदाज साडेचार. सोलां पावणेचारला आत घेतली. पाऊस पाच वाजून दहा मिनिटांनी, तोही पंधरा मिनिटं. शेरा: "आनी एक वर ऊन मेळ्ळें आसतें." (आणखी एक तास ऊन मिळालं असतं.)